वैद्यांच्या विमानातली हवा

ठाण्याच्या खाडीतून बाहेर पडून मी वर डहाणूपर्यंत आणि खाली मुरुडपर्यंत गेलेलो आहे. पाण्यावरचा प्रवास मला विचारा. पण जमिनीवर कल्याणच्या पुढे मी सत्तरी गाठेपर्यंत गेलो नव्हतो, कारण तिकडे माझं काही काम नव्हतं, आणि काम नसताना हिंडायला मी कोणाचा जावई नाही. मग नव्वद सालानंतरच्या एका वर्षी, दसरा नुकताच झालेला असताना, वैद्य साहेब आमच्या कोळीवाड्यात आले आणि मला खडवलीला जावं लागलं. परत आल्यापासून सगळे विचारतात, नाखवा काय बघितलं, आणि मी सांगायला लागलो की जो तो मधेच स्वतःचंच सुरू करतो. म्हणून लिहून काढलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, पुढे बापाने जाळ्यावर नेलं. शब्द कुठे वाकडा दिसला तर तसाच वाचावा, अर्थ सरळ आहे.

वैद्य साहेब म्हणजे माझे जुने स्नेही. आमच्या होड्यांची शिडं उतरून इंजिनं आली तेव्हा ते ठाण्यातल्या एका कारखान्यात नवीन इंजिनिअर होते. माझं पहिलं इंजिन भर खाडीत बंद पडायचं. हा ब्राह्मणाचा पोरगा दर रविवारी सायकलवर यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि चिखलात उतरायचा. मासळीचा वास सहन करायचा, पण मासळी कधी तोंडात घातली नाही. इंजिन चाललं, तशी आमची दोस्तीही चालली. आता ते रिटायर होऊन डोंबिवलीला असतात. रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात, यांनी बिल्डिंगखाली स्कूटर लावायच्या जागेत चार वर्षं विमान बांधलं. लहानसं, शेजारी शेजारी दोन माणसं बसतील एवढं. खोक्यांतून भाग परदेशातून आले, इंजिनही तिकडचंच, पाण्याने गार होणारं.

धक्क्यावरच्या दगडावर बसून ते म्हणाले, "नाखवा, इंजिन तापतंय."

"पाणी घाला."

"पाणी भरलेलं आहे."

"मग ते फिरत नाही."

"पंप दोनदा बाहेरून तपासला. काही दोष नाही."

मग खरी गोष्ट बाहेर आली. सोमवारी मुंबईहून तपासणीचा साहेब विमान बघायला येणार होता. इंजिन तापलं तर तो कागद देणार नव्हता, आणि पुन्हा त्याची तारीख मिळायला वर्ष जातं. पण साहेबांना वर्ष नव्हतं. उडवणाऱ्याची डॉक्टरकडून तपासणी होते, आणि डॉक्टरने सांगून ठेवलेलं की डिसेंबरपर्यंत ठीक, पुढच्या खेपेला मी सही करणार नाही. म्हणजे आत्ता उडाले तर उडाले. नाहीतर चार वर्षं बांधलेलं विमान दुसऱ्या कोणाला उडवताना खालून बघायचं.

मी म्हटलं, "तुमच्याकडे शिकलेली माणसं नाहीत का? मला कशाला?"

"आहेत. सगळी हो साहेब, हो साहेब करतात. मला वाद घालणारा माणूस हवाय."

हे ऐकून आमची म्हातारी आतून हसली. "मंग बरोब्बर दारात आलात," ती बोलली. आणि मी पिशवी भरायला लागलो तेव्हा मला म्हणते, "इमानात बसू नको हां. पोहता येतं म्हनून काय झालं, वर पानी नसतंय."

डोंबिवली

गाडीचं लिहीत नाही, ती तुम्हाला ठाऊक आहे.

साहेबांची जागा तिसऱ्या मजल्यावर. दारात चप्पल काढतोय तोच वैद्य वहिनी म्हणाल्या, "नाखवा, पिशवीत काय आहे ते मी विचारत नाही. फक्त ती गॅलरीत ठेवा."

पिशवीत सुके बोंबील होते. परक्या मुलखात काय खायला मिळेल सांगता येत नाही, म्हणून मी ते कायम जवळ ठेवतो. पिशवी गॅलरीत ठेवली आणि सकाळी बघतो तर कठड्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्या मांजरांची सभा भरलेली. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, आज काय आहे तुमच्याकडे. वहिनी म्हणाल्या, "पाहुणे." एवढंच. बाईमाणूस हुशार आहे.

जेवायला वालाचं बिरडं होतं. आपल्याकडेही वाल करतात, पण ह्यांच्यात एकेक दाणा सोलून त्यात गूळ घालतात. भाजीत गूळ! मी पुन्हा वाढून घेतलं.

साहेब आंघोळीला गेल्यावर वहिनी माझ्यासमोर बसल्या. "चार वर्षं मी खाली त्यांना चहा नेऊन दिला. कधी नको म्हटलं नाही. आता उडायची वेळ आली तर मला नको वाटतं. मी बोलले की म्हणतात, तुला यंत्रातलं कळत नाही. तुम्ही सांगून बघा."

"वहिनी, यंत्र बरं असलं तर मी नको कशाला म्हणू?"

"यंत्राचं कोण बोलतंय," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या. मला तेव्हा समजलं नाही.

खडवली

कल्याणच्या पुढे हवाच बदलते. आपल्याकडे हवेला मीठ असतं, तिथे नाही. पहिला अर्धा दिवस मला नाकात काहीतरी कमी आहे असं वाटत होतं. स्टेशनवरून नदीकडे उतरलो. भातसा नदी आपल्या खाडीपुढे म्हणजे गटार, पण पाणी काचेसारखं. तळातला दगड न् दगड दिसतो. मला ते जरा निर्लज्ज वाटलं. पाण्याने थोडं झाकून ठेवावं.

दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन वाकलेलं, काही ठिकाणी कापणी सुरू. त्या ओल्या पेंढ्याचा वास मात्र आवडला. नदी ओलांडून चढण चढली की मोठा गवताळ माळ लागतो. तो किसनचा. किसन म्हणजे पन्नाशीचा आगरी शेतकरी, काळा, दणकट, सारखा हसणारा. त्याने माळाच्या कडेला पत्र्याची शेड करून दिलेली आणि त्यात विमान ठेवलेलं. गावात त्याचा मान त्यामुळे सरपंचापेक्षा जास्त झाला होता.

मी कोळी आहे कळल्यावर तो म्हणाला, "नाखवा, साहेब बोलले तर मी इमानात आत्ता बसन. पन तुमच्या होडीत नाय बसनार. पान्याचा भरवसा नाय."

"आणि वाऱ्याचा आहे?"

"वाऱ्यात मानूस बुडत नाय ना."

मी शेडमध्ये शिरलो.

विमान बघून मला खरं सांगायचं तर हसूच आलं. पांढरं कापड ताणलेले दोन लांब पंख, मधे दोन खुर्च्या, खाली तीन चाकं, आणि खुर्च्यांच्या पाठीमागे उंचावर इंजिन. इंजिन मागे असल्यामुळे आत कोणी बसलं नाही की विमान शेपटावर टेकून नाक वर करून बसतं, भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा अजून नाकावर सुकत होत्या, पंखांवर कुंकवाची बोटं, इंजिनावर हळद. हे मला आवडलं. यंत्राची पूजा केली पाहिजे. आपण नारळी पौर्णिमेला होडीला गोंडे लावतो तसंच हे.

साहेब खुर्चीत बसले, विमान पुढे झुकून चाकावर आलं, आणि इंजिन चालू केलं. आवाज मोठ्या भुंग्यासारखा. थोडा वेळ सगळं ठीक, मग समोर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या घड्याळातला काटा चढायला लागला, चढला तो थांबेचना. साहेबांनी बंद केलं. मी पाठीमागे जाऊन रबराचे पाइप हाताने चाचपले. एक चटका बसेल इतका गरम, दुसरा अगदी गार. आणि आत गुडगुड गुडगुड.

"हवा आहे," मी म्हटलं.

"ते मलाही वाटतं," साहेब म्हणाले. "पण आली कुठून? डोंबिवलीत पाणी भरलं तेव्हा सगळी हवा मी स्वतः काढली होती. पुस्तकात दिलंय तशी. आणि पाण्याच्या झाकणाला हिच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा बांधून ठेवला, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. दोरा जागेवर आहे."

"मग?"

"मग एकच राहतं. इंजिनाच्या आतली गॅस्केट फुटली असेल आणि आतला धूर पाण्यात घुसत असेल." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "तसं असेल तर इंजिन पूर्ण उघडायचं, गॅस्केट परदेशातून मागवायची. म्हणजे डिसेंबर गेला."

मी म्हटलं, "दार उघडल्याशिवाय हवा घरात येत नाही. कोणीतरी उघडलंय."

"दोरा आहे म्हणतोय ना मी!"

"दोरा असू दे. मी सांगतो, कोणीतरी उघडलंय."

बराच वेळ आम्ही भांडलो. किसन शेडच्या दारात उभा राहून मजा बघत होता, मग म्हशी सोडायला गेला.

आता माझा इलाज सांगतो. होडीच्या इंजिनात डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन मरतं. तेव्हा सगळ्यात वरचा नट सैल करायचा, खालून हातपंप मारायचा, फेस येतो, येतो, आणि मग स्वच्छ डिझेल आलं की नट आवळायचा. जन्मभर मी हेच केलंय, अंधारात, लाटेवर, एका हाताने. म्हणून मी सांगितलं की इंजिनाच्या पुढच्या बाजूला पाइपाचा वरचा बाक आहे, त्याची पट्टी सैल करूया. साहेब म्हणाले, नको, तसं पुस्तकात नाही. मी म्हटलं, पुस्तकवाल्याने माझी होडी बघितलेली नाही. ते पाणी प्यायला वळले आणि मी स्क्रू फिरवला.

कोमट पाण्याची चूळ थेट माझ्या बनियनवर. मग फुस्स करून पाइपाने उलटी आणखी हवा ओढली, आणि गुडगुड आधीपेक्षा वाढली. साहेबांनी धावत येऊन पट्टी आवळली. त्यांनी मला जे काही म्हटलं ते ब्राह्मणाच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

माझा इलाज चुकीचा नव्हता. आमच्या इंजिनाला खालून पंप रेटतो, म्हणून वर सैल केलं की हवाच बाहेर जाते. इथे खालून रेटणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

पण बोलता बोलता साहेब जवळ आले. माझ्या बनियनकडे डोळे बारीक करून बघायला लागले. मग बनियनचा ओला भाग चिमटीत धरून चोळला.

"नाखवा, मी आत हिरवं औषध घातलेलं पाणी भरलं होतं. गुळगुळीत लागतं हाताला, आणि कपड्याला डाग पडतो."

माझं बनियन पांढरं स्वच्छ होतं. कोकणी माणसाचं असतं तितपत स्वच्छ.

"हे माझं पाणी नव्हे," साहेब म्हणाले.

किसनच्या ओट्यावर

तेवढ्यात किसन जेवायला बोलवायला आला. ओट्यावर त्याच्या बायकोने, पार्वतीने, पानं वाढली. तांदळाची भाकरी, नदीच्या लहान मासळीचं कालवण, साहेबांना वेगळी चवळीची भाजी. नदीच्या मासळीत चव असते हे मी मान्य करतो, पण काटा इतका की बोलता येत नाही. बहुतेक म्हणूनच ती माणसं जेवताना शांत असतात. बोंबील मी पार्वतीला देऊन टाकले. तिने पिशवीला नाक लावलं आणि हसली. माझ्या पिशवीचा इतका आदर डोंबिवलीत झाला नव्हता.

साहेबांनी सरळ विचारलं, "किसन, विमानाच्या पाण्याला कोणी हात लावला होता का रे?"

"चोरबिर? नाय साहेब. मी स्वता झोपतो शेडमंदी."

"चोर नाही. दुसरं कोणी?"

किसनची छाती फुगली. "पूजा केली ना मी! दसऱ्याला. तुमी नव्हते, मना वाटलं इमानाला उपाशी कसं ठेवायचं? टॅक्टरला करतो तसं सगलं केलं. आमच्यात दसऱ्याला गाडीचा जुना पानी काढून टाकतात आनि नदीचा नवा भरतात. पयला तांब्या घरच्या बाईने घालायचा. पार्वतीने घातला."

पार्वती पदराआडून म्हणाली, "काय हिरवा घान पानी निघाला हो साहेब! शेवाल धरलेला. दोनदा धुतला मी."

साहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. "आणि झाकणावरचा दोरा?"

"तो पन बदलला," किसन म्हणाला. "तुमी बांधलेला लई बारीक होता, मलका. मना वाटलं साहेबांनी रक्षेचा दोरा बांधलाय, जुना झालाय. देवलातून नाडा आनला, तो बांधला. चांगल्या गाठी मारल्या."

मी हसायला लागलो ते मला ठसकाच लागला, त्यात काटा. पार्वतीने पाठीत धपाटे घातले. किसन मात्र साहेबांचा चेहरा बघून उतरला. "काय चुकला काय साहेब?"

वैद्य साहेब मोठा माणूस आहे हे मी तिथे पुन्हा बघितलं. ते म्हणाले, "चुकलं काही नाही. तू मनापासून केलंस. फक्त विमान शेपटावर बसलेलं असताना पाणी भरलंस. तेव्हा इंजिनाची पुढची बाजू झाकणापेक्षा वर असते. पाणी झाकणापर्यंत आलं, तुला वाटलं भरलं, आणि हवा वरच्या बाकात अडकून बसली."

म्हणजे गॅस्केट फुटली नव्हती. साहेबांनी कालवणाच्या वाटीकडे बोट करून पार्वतीला म्हटलं, "ते सोडून काहीही अजून वाढ." तेव्हा मला त्यांची भूक परत आलेली दिसली.

जेवण झाल्यावर मी एकटा शेडमध्ये गेलो आणि झाकण बघितलं. साहेबांनी बांधलेला दोरा वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा, बारीक. आणि इथे बोटाएवढा लाल-पिवळा नाडा. हा नाडा साहेबांनी आज सकाळी बघितला होता, आणि दोरा जागेवर आहे असं मला सांगितलं होतं. वहिनी कशाबद्दल बोलत होत्या ते मला तेव्हा समजलं.

मधेच कल्याण

पुस्तकाप्रमाणे हिरव्या औषधात मिसळायला बॅटरीचं शुद्ध पाणी लागतं. औषधाचा डबा साहेबांकडे होता, पाणी नव्हतं. सकाळी मी कल्याणला गेलो. स्टेशनबाहेरच्या दुकानात पोरगा कानात काडी घालत बसलेला.

"बॅटरीचं पाणी दे. दोन कॅन."

"एवढं? काका, ट्रक आहे काय?"

"विमान आहे."

त्याने काडी बाहेर काढली. "सकाळी सकाळी काका?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शेजारच्या दुकानदाराला ओरडून म्हणाला, "अरे, काकांना रिक्षात बसवून दे रे, ऊन लागलंय त्यांना." मी रिक्षा केली नाही. दोन्ही कॅन हातात घेऊन चालत स्टेशनला आलो, म्हणजे त्याला कळावं.

हवा काढली ती अशी

नदीचं पाणी सगळं सोडून दिलं. आता विमानाचं शेपूट इतकं वर उचलायचं होतं की झाकण सगळ्यात उंच यावं. डोंबिवलीत साहेबांनी ते जिन्याच्या पायरीवर ठेवलं होतं. इथे पायरी कुठली? मी म्हटलं दोरीने छपराला टांगू. साहेब म्हणाले, छप्पर खाली येईल. किसन पेंढ्याचे भारे घेऊन आला आणि रचत गेला. विमान नाक जमिनीकडे करून उभं राहिलं, आता पाया पडतंय असं.

साहेब बारीक धारेने पाणी ओतत होते. थोडं ओतायचं, थांबायचं. मी पाइप दाबत होतो, पण माझी बोटं जाड, जाळं ओढून ताठलेली. पार्वती बघत होती, ती म्हणाली, "सरा नाखवा, तुमी गला दाबताय त्याचा." आणि तिने म्हशीचं दूध काढतात तसा पाइप वरून खाली, खालून वर हलके हलके पिळायला सुरुवात केली. झाकणातून एक बुडबुडा आला. मग एक मोठा, ढेकर दिल्यासारखा. पाणी खाली गेलं, साहेबांनी पुन्हा ओतलं.

"आला, आला!" किसन प्रत्येक बुडबुड्याला ओरडत होता.

बुडबुडे थांबल्यावर झाकण उघडंच ठेवून, मी आणि किसनने पंख धरून, साहेबांनी इंजिन थोडा वेळ चालवलं. पाणी एकदम वीतभर खाली गेलं आणि तळातून शेवटची हवा फसफसत वर आली. पुन्हा भरलं. झाकण लावलं. मग शेपूट उतरवून इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं. काटा चढला, मधे येऊन थांबला, आणि तिथेच बसला. मी दोन्ही पाइपांना हात लावला. दोन्ही सारखे गरम.

साहेब इंजिन बंद करून खुर्चीतच बसून राहिले. पार्वतीने भीत भीत विचारलं, "आता नाडा बांधू का?"

"बांध," साहेब म्हणाले. "घट्ट बांध."

नदीकाठी

हातपाय धुवायला आम्ही दोघं नदीवर गेलो. मी विचारलं, "कुठला डोळा?"

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "उजवा. मोतीबिंदू. डाव्याने डॉक्टरच्या भिंतीवरची सगळी अक्षरं वाचता येतात, म्हणून त्याने या वर्षी सही केली. लबाडी नाही त्यात."

"मी लबाडी म्हटलं नाही. पण नाडा दिसला नाही तुम्हाला."

"लांबचं दिसतं नाखवा. पण उतरताना शेवटी जमीन नेमकी किती खाली आहे, ते एका डोळ्याने पक्कं कळत नाही. बाकी सगळं हाताला ठाऊक आहे."

"मग एकटे जायचं नाही."

"ते माझं मी ठरवीन."

"तुम्ही वाद घालायला आणलंत मला, घालतोय. एकटे जायचं नाही."

आपल्याकडे धुक्यात होडी खाडीत घ्यायची तर नाखव्याने सुकाणू सोडायचं नसतं. पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या टोकावर, एक जण शिसं बांधलेली दोरी टाकून पाणी किती वाव आहे ते ओरडून सांगतो, आणि नाखवा त्याच्या शब्दावर होडी आत घेतो. दोन हात पसरले की एक वाव. यात कोणाही नाखव्याचा मान जात नाही. हे मी साहेबांना सांगितलं.

"आणि नाळेवर कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. हे तोंडातून निघून गेल्यावर मला म्हातारीचं बोलणं आठवलं. पण निघालेला शब्द मी परत घेत नाही.

सोमवार, मंगळवार

तपासणीचा साहेब कमी बोलणारा होता. त्याने इंजिन बराच वेळ चालवून घेतलं, काट्यावरून नजर हलवली नाही. त्याच्याबरोबर आलेल्या वैमानिकाने माळावरून एक फेरी मारली. नाड्याकडे बघून तपासणीच्या साहेबाने भुवई वर केली आणि कागदावर सही केली. तोवर वारा वाढला होता, म्हणून वैद्य साहेबांची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

वहिनी पहिल्या गाडीने आल्या. मी विमानात बसतोय बघून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही सांगणार होतात ना त्यांना?"

"सांगितलं वहिनी. तेव्हापासून मलाच पट्टा बांधतायत."

मग त्यांनी पुढे होऊन माझा पट्टा ओढून बघितला आणि नंतर साहेबांचा.

वर गेल्याचं काय लिहू? होडी लाटेवर चढते तसं होतं, फक्त ती खाली येत नाही. किसनची शेड काडेपेटीएवढी झाली. भातसा खरोखर सुंदर नदी आहे, ती वरून बघायला पाहिजे. तिचं वळण न् वळण उन्हात चमकत होतं. मी काटा बघत होतो, तो मधेच होता. घार दिसली की मी ओरडायचो, "डावीकडे घार!" साहेब हसत मान हलवायचे. त्यांचा चेहरा मी चिखलात उतरणाऱ्या पोराचा बघितलेला आहे. तोच होता.

मग त्यांनी नाक माळाकडे वळवलं, इंजिनाचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "नाखवा, सांगा."

मी पुढे वाकलो. गवत वर येत होतं. "दहा वाव!" मी ओरडलो. "आठ! सहा वाव... सरळ घ्या... चार!" साहेबांनी दांडी हळूहळू मागे ओढली. "तीन! दोन वाव! एक!"

मग एक धक्का बसला, लहानसा, होडी वाळूला लागते तसा, आणि आम्ही गवतातून धावत जाऊन थांबलो. लांबून किसन आरोळ्या मारत येत होता, मागे वहिनी पदर खोचून.

साहेबांनी इंजिन बंद केलं. घाम पुसला. "फार छान सांगितलंत," ते म्हणाले. "पण एक वावानंतर गप्प का झालात?"

मी पट्टा सोडत म्हटलं, "डोळे मिटले होते मी."

साहेबांनी मागे वळून गवतातला चाकांचा माग बघितला.

"शेवटचा वाव तुमचा तुम्हीच उतरलात," मी म्हणालो, आणि म्हातारीला काय सांगायचं याचा विचार करत खाली उतरलो.